माणशी एक ओंजळ

चंदाबाईची गाय मेली ती आमच्या उरलेल्या रोडग्यांनी, आणि रोडग्यांचा अंदाज माझा होता. मला कोणी बोललं नाही. पण न बोलणं किती मोठ्यानं ऐकू येतं ते मला त्या वर्षभरात कळलं.

आमचं गाव रिठदच्या पुढं, नाल्याच्या काठानं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळापुढं सगळ्या गावाची पंगत बसते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. त्या दिवशी शिवारात कोणी चूल पेटवायची नाही. कोतवाल आदल्या दिवशी दवंडी देतो, "उद्या चूलबंद हो." शिजलेलं शिवेबाहेर जायचं नाही, आणि दिवस मावळायच्या आत संपलं पाहिजे.

गहू घराघरातून येतो, माणशी एक ओंजळ. आमच्याकडं माणसं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात म्हणतात. म्हणून घरात जितके जीव तितक्या ओंजळी देवळापुढच्या ताडपत्रीवर टाकायच्या, आणि ती रास पाहून जिचा मान असेल त्या बाईनं सांगायचं की भाजी किती, डाळ किती, गोवऱ्या किती. चालतं लेकरू आपली ओंजळ आपल्याच हातानं टाकतं. पोटुशी बाई स्वतःची एक टाकून गुपचूप आणखी एक टाकते. कित्येक घरांतली बातमी आम्हाला ताडपत्रीवरच कळलेली आहे. एकदा एका सासूला मुलाच्या आधी कळली आणि तिनं तिथंच सुनेच्या हातातली पाटी काढून घेतली.

हा मान माझ्या सासूबाईंचा, गोजराबाईंचा होता. मी लग्न होऊन आले तेव्हा सोळा वर्षांची होते. पहिल्या चंपाषष्ठीला त्यांनी मला राशीजवळ बसवलं होतं. तेव्हा ती रास देवळाच्या दुसऱ्या पायरीला टेकत होती. दुष्काळाच्या साली गहू कुणाच्याच घरात नव्हता. रेशनची लाल मिलो ज्वारी आली होती, तिच्या ओंजळी पडल्या. ओंजळी लहान होत्या, पण हात कमी नव्हते. मग पाऊसपाणी बरं झालं आणि रास दरवर्षी वाढत गेली. तिसऱ्या पायरीला लागली, चौथीला लागली. लेकरांची रांग देवळापासून पार आता शफीक चालवतो त्या चक्कीपर्यंत जायची. एकाचं नाक पुसेपर्यंत दुसरं रडायचं, तिसरं गव्हावर लोळायचं. दुपारी बसलेली मी दिवेलागणीला उठायची. दुसऱ्या दिवशी नऊ नऊ पंगती उठायच्या, आणि शेवटच्या पंगतीला भाजीच्या नावानं रस्सा उरायचा.

त्या काळात माणसं घाबरली होती. आता कुणाला खरं वाटणार नाही. एका साली आताचे सरपंच बबनराव यांच्या वडलांनी, तेव्हाच्या पाटलांनी, सासूबाईंना सांगितलं, "गोजराबाई, लेकराईची अर्धी ओंजळ करा. येवढ्या तोंडाईले गाव कोठून पुरन?"

सासूबाई म्हणाल्या, "कमी कराचं असन तर पोट्टे कमी करा पाटील. ओंजळ कायले कमी करता? तुमच्याच घरचे अकरा हायेत."

पाटील हसले आणि गेले. पण सासूबाई त्या राशीकडं बराच वेळ पाहत उभ्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "मनकर्णे, माया डोयात मावत नाही वो हे." त्यात अभिमान होता की भीती, मला आजही सांगता येत नाही. सात लेकरं जन्माला घालून चार वाढवलेली बाई ती.

सासूबाई गेल्यावर रास माझ्याकडं आली. वर्षं गेली. पोरं शिकली, पुण्याला गेली, सुरतेला गेली. माझा गणेश चाकणला कंपनीत लागला त्याला बारा वर्षं झाली. सून साधना तिकडंच, नात संस्कृती तिकडंच जन्मली, एकुलती. पण चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी चार ओंजळी टाकायची. माझी एक, आणि त्यांच्या तीन. मी एकटीच नाही, गावातली प्रत्येक माय हेच करायची. पोरगा दिवाळीला येवो न येवो, त्याची ओंजळ कोण सोडेल? आणि बाहेरच्या नातवंडांच्या ओंजळी आज्या आपल्याच हातानं टाकतात. म्हणजे तिकडं दीड वर्षाचं लेकरू असलं तरी इथं गहू पडतो मोठ्या माणसाचा.

म्हणून रास दिसायला तेवढीच राहिली. गाव रिकामं होत गेलं आणि रास हलली नाही. आणि मी म्हातारी त्या राशीवर विश्वास ठेवून डाळ सांगत गेले. आधी एक टोपलं उरायचं, मग दोन. भिकारी-फकीर, कुत्री-मांजरं यांच्यात ते खपून जायचं. गेल्या वर्षी दोनच पंगती उठल्या आणि पाच टोपली रोडगे उरले. दिवस मावळायला आला तसे पोरांनी ते गोठ्यागोठ्यात वाटले. चंदाबाईच्या गायीला जास्त झाले. ती फुगली. रिसोडहून डॉक्टर येईपर्यंत आडवी झाली होती.

यंदा दिवाळी झाल्यावर बबनराव माझ्या ओट्यावर येऊन बसले. ते मला काकू म्हणतात.

"काकू, एक बोलू? राग नोका मानू."

"मानला तरी तू बोलशीनच."

"रिसोडच्या केटरिंगवाल्याले इचारलं मी. तो तीनशे ताटं आणून देते. मोजून. उरलं तर तोच घेऊन जाते."

"खंडोबाच्या पंगतीले पुऱ्या आणते काय तो?"

"पुऱ्या, मटकी अन् गुलाबजाम." बबनराव खाली पाहत म्हणाले. "मले बी बरं नाही वाटत. पण पुन्हा गाय मेली तर मी काय तोंड दाखवू? तुमी ओंजळीचा अंदाज बरोबर आणून देत असान तर ठीक. एक टोपलं जरी उरलं, तर पुढच्या सालापासून ओंजळ बंद."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मला सासूबाई आठवल्या, त्यांच्या सासूबाई आठवल्या, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही. इतक्या बायांच्या हातून आलेली गोष्ट माझ्या हातात येऊन संपणार होती, आणि ती का संपणार हे मला चांगलं ठाऊक होतं. गणेशच्या तीन ओंजळी.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी देवळापुढं दोन ताडपत्र्या अंथरायला लावल्या. एक देवळाच्या पायरीशी, दुसरी लिंबाखाली. बाया पाट्या घेऊन आल्या. मी म्हटलं, "उद्या जो पंगतीत बसन त्याची ओंजळ पायरीशी टाका. जो बाहेरगावी हाय, त्याची लिंबाखाली."

कोणी हललं नाही. पंचफुला सगळ्यांत पुढं होती. तिची तिन्ही पोरं बाहेर, एक पुण्याला, एक सुरतेला, एक नागपूरला. घरात ती आणि तिचा नवरा.

"काहून?" ती म्हणाली.

"अंदाज चुकून राह्यला, म्हून."

"मायावाल्या पोराईची ओंजळ मी झाडाखाली टाकू? मेले काय ते?"

"असं वंगाळ बोलू नोको."

"वंगाळ तुमी बोलून राह्यल्या, मामी. पिंडाचा भात टाकतेत झाडाखाली."

मागून कोणी तरी हसलं, पण लगेच गप्प झालं. चंदाबाई पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी होती. ती गायीबद्दल एक शब्द बोलली असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती बोलली नाही. मी तिच्याकडं पाहिलं, तर तिनंच मान फिरवली.

मग मी उठले. गुडघे दुखतात, उठायला वेळ लागला. माझ्या पाटीतून एक ओंजळ घेतली आणि पायरीशी टाकली. मोठ्या ताडपत्रीवर तो गहू इतका दिसला जितका चिमणीनं सांडला असेल. मग लिंबाखाली गेले. गणेशची टाकली. साधनाची टाकली. संस्कृतीची टाकताना हात थांबला. ती सहा वर्षांची आहे, तिचे हात केवढे असतील ते मला माहीत नाही. फोनवर तोंड दिसतं, हात दिसत नाहीत. मी अर्धीच ओंजळ टाकली.

परत येऊन बसले. 

शफीकची बायको सुगराबी पुढं आली. चक्की त्यांचीच आहे, आणि तिच्या सासऱ्याच्या काळापासून त्यांच्या ओंजळी इथं पडतात. तिनं सहाच्या सहा पायरीशी टाकल्या. "आमचे तर सारे इथंच हायेत, काकू. इमरानले म्हटलं, जा बाबा हैदराबादले, दोन पैसे कमाव. तर म्हणते अम्मी, इथं जवळच मालेगावले मोटारीचं वायडिंग करतो अन् रातीले तुयाच हातचं खातो. काय करता." बाया हसल्या. तिची सून अनम मागं उभी होती. सासूची पाठ वळल्यावर तिनं हळूच आणखी एक ओंजळ टाकली आणि ओढणी नीट केली. मी पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

त्यानंतर एकेक करत सगळ्या टाकायला लागल्या. पायरीशी एक, लिंबाखाली तीन. पायरीशी दोन, लिंबाखाली पाच. कोणी लिंबाखाली टाकताना नावं घेत होती. कोणी डोळे पुसत होती. पंचफुला सगळ्यांत शेवटी आली. पायरीशी दोन टाकल्या आणि मग झाडाखाली तीन पोरांच्या, तीन सुनांच्या, चार नातवंडांच्या. प्रत्येक ओंजळ काठोकाठ भरलेली. एकही दाणा खाली सांडू दिला नाही तिनं.

लेकरं आपापल्या हातानं टाकायला आली ती सारी मिळून एका दमात झाली. मला नाकं पुसायलाही कोणी सापडलं नाही.

ऊन कलल्यावर आम्ही पाहिलं. पायरीशी एक रास होती, पहिल्या पायरीला जेमतेम लागलेली. लिंबाखाली जी होती ती माझ्या गुडघ्याच्या वर येत होती. आम्ही सगळ्या बाया तिच्याभोवती उभ्या राहिलो. इतकी वर्षं ती आमच्यातच मिसळलेली होती, म्हणून कुणाला दिसली नव्हती. बबनराव आले. त्यांनी एका राशीकडं पाहिलं, मग दुसरीकडं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"येवढे?" ते म्हणाले.

मला सासूबाईंच्या काळातली चौथ्या पायरीची रास आठवली. या दोन्ही एकत्र केल्या तर बरोबर तेवढीच झाली असती. ज्या गर्दीला तेव्हा पाटील घाबरले होते ती गर्दी कुठं गेली नव्हती. ती इथंच होती, गव्हाच्या रूपानं, झाडाखाली. आणि पायरीशी आम्ही उरलो होतो, बहुतेक सगळे पिकल्या केसांचे. मी एवढं आयुष्य काढलं, पुरात वाहणारी म्हैस पाहिली, गावात पहिली वीज आली ती पाहिली, पण असं अंग शहारणारं काही पाहिलं नव्हतं. गाव आपल्याच समोर दोन भागांत उभं होतं आणि मोठा भाग आमच्यात नव्हता.

पायरीची रास शफीकच्या चक्कीवर गेली. लिंबाखालची तशीच ठेवली, वरून चादर टाकली. तिचं काय करायचं ते कोणालाच सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा अंदाज असा बरोबर आला की बबनरावांनी मला दुरून हात जोडले. दोन पंगती उठल्या. टोपल्यात दहाबारा रोडगे राहिले होते आणि वाढणारी पोरं अजून जेवायची होती. मी देवाकडं पाहून मनात म्हटलं, झालं, वाचली ओंजळ.

तेवढ्यात नाल्याकडून माणसं येताना दिसली. पुढं एक जण होता, तिशीतला, आणि त्याच्यामागं बायका, लेकरं, लेकरांच्या कडेवर लेकरं. दिवाळीनंतर नाल्यापलीकडं वीटभट्टी लागली होती, तिथली ही माणसं. येऊन ती थोडी दूरच थांबली.

"मी सेवादास," पुढचा माणूस म्हणाला. "मानोऱ्याकडच्या तांड्याचा. काल दवंडी ऐकली. मुकादम म्हणे, शिवारात चूल पेटवाची नाही, गावचा देव हाय. आमी पेटवली नाही. सकाळपासून वाट पाहून राह्यलो, कोणी बलावलं नाही. लेकरं रडून राह्यले, म्हून आलो."

बबनरावांचा चेहरा उतरला. दवंडी नाल्यापलीकडं पोचेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरातून पंगतीला बसणारे सारे धरले होते, पण त्यांच्या घराला घर म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पहिल्या पंगतीतला एक जण दात कोरत म्हणाला, "ते आपल्या गावचे थोडीच हायेत. उद्या जातीन."

"शिवारात रात काढते त्याची चूल बंद," मी म्हटलं. "दवंडी तुले देली तशीच त्याले देली."

सेवादासची बायको, मंजू म्हणून, धिटाईनं पुढं झाली. "आमीच नाही माय. वर माळावर मेंढीवाले हायेत, त्याईनं बी पेटवली नाही. अन् रोडाच्या कामावरचे बिहारी पोट्टे. त्याईले आमीच सांगतलं होतं, आज पेटवू नोका म्हणून. त्याईले मराठी समजत नाही, पण ते बी बसले हायेत."

दहाबारा रोडगे, आणि समोर अख्खं एक गाव उपाशी, आमच्याच देवाच्या नावानं. त्या क्षणी केटरिंगवाल्याच्या तीनशे ताटांनीही भागलं नसतं.

पंचफुला भांडी घासत बसली होती. ती उठली. हात पदराला पुसत लिंबाखाली गेली आणि चादर ओढून बाजूला फेकली.

"शफीक," तिनं हाक मारली, "चक्की चालू कर."

"काकी, बारीक की जाडी?"

"रोडग्याची जाडी. इतके साल काय दळून राह्यला तू?"

मग जे सुरू झालं ते पाहायला सासूबाई हव्या होत्या. पाट्या भरभरून गहू चक्कीवर जायला लागला. कोणी गोवऱ्या रचल्या, कोणी वांगी तोडायला शेतात पळालं. भट्टीवरच्या बाया विचारल्याशिवाय पीठ मळायला बसल्या, आणि त्यांचे हात आमच्यापेक्षा दुपटीनं चालत होते. मंजूनं कडेवरचं लेकरू चंदाबाईकडं दिलं, "धरा मावशी," म्हणून, आणि रोडगे थापायला लागली. चंदाबाई वर्षभर माझ्याशी मोजून चार शब्द बोलली होती. ती त्या लेकराला घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मामी, पाहा ना, दात येऊन राह्यले याले." मी पाहिलं. खालचे दोन होते, पांढरेशुभ्र.

माळावरून मेंढीवाले उतरले, डोक्याला पटके, हातात काठ्या, सोबत त्यांची कुत्री. मग रस्त्यावरची पोरं आली, सिमेंटनं पांढरी झालेली, तोंडं धुवून, केसांना पाणी लावून, लग्नाला यावं तशी. किती होते ते मी मोजलं नाही. एवढंच सांगते की देवळापासून पंगती लागल्या त्या चक्कीच्या पुढं गेल्या, आणि लेकरांचा असा गलका उठला की देवळातल्या घंटेचा आवाज मला ऐकू येईना. इतकी माणसं आमच्या शिवारात रोज झोपत होती, आणि मला, जिच्याकडं गावाचा अंदाज, तिला ती ठाऊक नव्हती. मी पायरीवर बसून नुसती पाहत होते. मागून पाहिलं तर पंगतीतल्या डोक्यांवरून कोण गावचा आणि कोण बाहेरचा हे कळत नव्हतं. गावचे जेवून उठलेलेही पुन्हा कुठं कुठं बसले होते.

गणेशच्या, साधनाच्या, संस्कृतीच्या ओंजळी त्या कुठल्या तरी रोडग्यात गेल्या असतील. कोणाच्या ताटात, ते देवाला ठाऊक.

पंचफुला वाढत होती. एका बिहारी पोरासमोर ती थांबली. वीसेक वर्षांचा असेल, रोडगा कसा फोडायचा हे न कळून तो त्याच्याकडं पाहत होता. तिनं तो हातानं फोडला, वर वरण ओतलं, तूप सोडलं.

"कोठचा रे तू?"

त्याला प्रश्न कळला. "छपरा," तो म्हणाला.

छपरा कुठं आहे ते तिला माहीत नव्हतं, मलाही नाही. "घरी कोन हाय?"

"माँ है. दो भाई हैं. एक सूरत में है."

सुरत म्हटल्यावर ती तशीच वाकलेली राहिली. मग तिनं टोपल्यातला आणखी एक रोडगा काढून त्याच्या ताटात ठेवला. तो "बस, बस" म्हणाला. तिनं त्याच्या हातावर चापट मारली आणि पुढं गेली.

दिवस मावळला तेव्हा सगळी टोपली पालथी घातली होती. लिंबाखाली ताडपत्रीवर थोडे दाणे राहिले होते, चिमण्या ते टिपत होत्या. मेंढीवाले माळाकडं निघाले. सेवादास निरोप घ्यायला आला.

"पुढच्या साली येशीन ना रे?" मी विचारलं.

"मुकादम कोठी नेते त्याच्यावर हाय, माय. पावसाळ्यापर्यंत तर हाय इथंच." तो हसला. "पुढच्या साली दुसरे कोणी असतीन."

ते खरंच असणार. मी हो म्हटलं.

सगळे गेल्यावर बबनराव ताडपत्र्या झटकायला आले. पायरीची एक झटकून घडी केली, मग लिंबाखालची. दोन्ही बगलेत घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले.

"केटरिंगवाल्याले फोन करून टाकतो, काकू. नाही म्हणून."

"बरं."

"अन् पुढच्या साली दवंडी नाल्यापलीकडं, माळावर अन् रोडावर, सगळीकडं पाठवतो." त्यांनी बगलेतल्या ताडपत्र्या सावरल्या. "त्याईच्या ओंजळी कोणत्या ताडपत्रीवर टाकाच्या? त्याईच्याजवळ गहू असन, नसन."

मी विचार केला. सासूबाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"दोनी ठेव देवळात," मी म्हटलं. "अन् शफीकच्या घरी एक तिसरी हाय म्हणते सुगराबी, ते बी मागून ठेव."